बहात्तरचा चहा घरी कसा मांडावा

बहात्तरचा चहा म्हणजे १९७२ च्या दुष्काळाची आठवण काढत घरी मांडलेली चहाची दुपार. गेल्या तीन वर्षांत हा चहा मी चार वेळा मांडला. त्यातला पहिला सपशेल फसला. तुमचा तरी पहिल्या फटक्यात जमावा म्हणून हे लिहिते आहे.

झालं असं, की सांगलीत विश्रामबागला आमच्या फ्लॅटवर मैत्रिणींची भिशी होती. दर वेळी तेच ढोकळा-सँडविच, म्हणून म्हटलं या खेपेला बहात्तरच्या दुष्काळातली दुपार करू. घोंगडं अंथरलं, कोपऱ्यात कंदील ठेवला, तामचिनीच्या मगांतून सगळ्यांना गुळाचा कोरा चहा दिला. माझी आत्ती आटपाडी तालुक्यातली. बहात्तर साली ती पंधरा वर्षांची होती आणि पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहत होती. तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, तिला कौतुक वाटेल या आशेनं. तिनं मग हातात घेतला, आत बघितलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "आगं, पावण्यांस्नी कोरा च्या दिलास व्हय? घरात दूध न्हाई?"

मी म्हटलं, "आत्ती, दुष्काळ दाखवायचाय ना."

"दुष्काळात बी पावण्याला कोरा च्या कुनी दिला न्हाई. कोरा आमी प्यायचो."

माझी अख्खी मांडणी तिथंच आडवी झाली. पुढचे तीन चहा मी आत्तीला विचारून केले. खालच्या पायऱ्या त्यातून आल्या आहेत.

१. आधी माणूस शोधा, तारीख नंतर

ज्यांना बहात्तर नीट आठवतो ती माणसं आता पासष्टीच्या पुढे आहेत. असं एक तरी माणूस चहाला बसलेलं हवं. नसेल तर हा खटाटोप करू नका, साधा गुळाचा चहा करून प्या, तोही छान लागतो. साताऱ्यात असाल तर माण-खटावकडचं, सांगलीत असाल तर आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूरकडचं कुणी ना कुणी तुमच्या अपार्टमेंटमध्येच सापडेल. आमच्या इमारतीत वॉचमनच्या आई निघाल्या, जतच्या. चार वर्षं रोज जिन्यात भेटत होतो, पण हे कधी बोलणं झालं नव्हतं.

चहाच्या आठवडाभर आधी त्यांच्याकडे जाऊन बसा. "दुष्काळ कसा होता हो?" असं विचारलंत तर "लय वाईट" एवढंच उत्तर येईल आणि पुढे काही नाही. वस्तूंबद्दल विचारा. साखर कुठल्या डब्यात असायची? त्याची किल्ली कुणाकडे? दूध कुठून यायचं, गाय-म्हैस होती की विकली होती? चहात बुडवायला काय असायचं? आणि हा प्रश्न चुकवू नका: पाहुणा आला की घरात कुणाचा चहा कमी व्हायचा? आत्तीनं या प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं होतं, "आईचा." त्यानंतर ती अर्धा तास बोलत होती.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला, न विचारता मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करणं. जुन्या माणसांना ते लगेच कळतं आणि बोलणं एकदम सरकारी होतं. दुसरा, ताणून विचारणं. आमच्या तिसऱ्या चहाला आलेले एक तात्या बैलांचा विषय निघाल्यावर उठून गॅलरीत गेले. त्यांच्या वडलांनी चाऱ्याअभावी बैलजोडी मिळेल त्या भावात दिली होती. कुणी त्यांच्या मागे गेलं नाही हे बरं झालं. दहा मिनिटांनी परत आले आणि म्हणाले, "चहा गार झाला का?" आम्ही नवा ओतला.

तुमच्या घरात बहात्तरपेक्षा ब्याऐंशीचा गिरणी संपच जास्त बोलला जात असेल, तर तो घ्या. सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांतला एक माणूस मुंबईच्या गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गावाकडे येणारी मनीऑर्डर थांबली. त्या घरांचा चहाही पातळच झाला होता. पायऱ्या याच राहतील, फक्त पदार्थ आणि कागद बदलतील.

२. सामान आणि कागद

मी बारा माणसांचा हिशेब देते. बारापेक्षा जास्त बोलावू नका, म्हातारं माणूस बोलायला लागलं की मागच्या रांगेला ऐकू जात नाही.

वाणसामान:
- चहाची पूड २५० ग्रॅम, बारीक डस्ट. लवकर रंग सोडते म्हणून कमी पुडीत जास्त चहा होतो, ती चालायची याचं कारणच ते.
- काळपट गूळ १ किलो. सांगलीत गणपती पेठेत किंवा मार्केट यार्डाच्या बाजूला ढेप फोडून देतात.
- साखर अर्धा किलो, दूध १ लिटर
- हुलगा पाव किलो (तुमच्याकडे कुळीथ म्हणत असतील)
- ज्वारीच्या लाह्या पाव किलो, फुटाणे, शेंगदाणे, डाळं
- आदल्या रात्रीच्या ज्वारीच्या सहा-सात भाकऱ्या
- आलं, सुंठ, गवती चहा

भांडी:
- जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं) किंवा स्टीलचं मोठं पातेलं, शक्यतो दोन
- कपबशा, जेवढ्या बेजोड तेवढ्या चांगल्या
- चहा गाळायला पातळ सुती फडकं
- वाट्या, पितळी असल्या तर उत्तम. त्यांचं काम पाचव्या पायरीत येईल.
- धान्य मोजायचं चिपटं किंवा मापटं कुणाच्या घरी असेल तर मागून आणा

कागद:
- जुनी शिधापत्रिका
- मनीऑर्डरीच्या पावत्या, आंतर्देशीय पत्रं
- रोजगार हमीच्या कामाचा काही कागद असेल तर तो. फार कमी घरांत उरलाय.

कागदांबद्दल थोडं थांबून सांगते. मूळ कागद चहाच्या आसपास आणू नका. आमच्या दुसऱ्या चहात एकीच्या सासऱ्यांच्या रेशनकार्डावर बशी सांडली. पन्नास वर्षं टिकलेला कागद पाच मिनिटांत लगदा झाला. आता मी फोटोकॉपी मांडते आणि मूळ कागद पिशवीत घालून कपाटात. शिवाय अशा कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं, वयं आणि पत्ता असतो. फोटो काढून ग्रुपवर टाकण्याआधी त्या घरच्यांना विचारा.

पितळी पातेलं माळ्यावरून काढायचा मोह होईल. आतून कल्हई शाबूत आहे का ते आधी बघा. पिवळा पितळी रंग दिसत असेल तर त्यात चहा उकळू नका, गूळ तर नाहीच नाही. कल्हईवाला आता शोधावा लागतो. सापडला तर आधी कल्हई, मग चहा. नाहीतर ते पातेलं नुसतं शोभेला ठेवा. तसंच ज्याचा टवका उडालाय तो तामचिनीचा मगही बघायलाच ठेवा, प्यायला नको.

३. दोन चहा करा: पाहुण्याचा आणि घरचा

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी. आत्तीच्या बोलण्यानंतर मी आणखी चार-पाच घरांत विचारलं आणि सगळीकडे तेच निघालं. टंचाईच्या दिवसांत एका घरात एकाच वेळी दोन चहा व्हायचे. बाहेर पाहुण्याला दूध-साखरेचा, कप भरून, बशीत थोडा सांडेपर्यंत. आत चुलीपुढे गुळाचा, बिनदुधाचा, पितळीत किंवा वाटीत ओतून. आणि त्या दोन चहांच्या मधे जी भिंत होती ती पाहुण्याला कळू न देणं ही घरातल्या बाईची कसोटी. नुसता कोरा चहा मांडला की ही सगळी गोष्ट हातातून निसटते, माझी निसटली तशी.

पाहुण्याचा चहा, चार कपांना: पाणी अडीच कप, दूध दीड कप, पूड तीन चमचे, साखर आठ चमचे. हो, आठच. "आम्ही साखर कमी घेतो" हे आजचं. त्या काळी पाहुण्याच्या चहात साखर कमी पडली तर अब्रू जायची, आणि घरात साखर नाही हे गावाला कळायचं ते वेगळंच. बारा जणांना लागला तर तीनदा करा, एकदम नको. एकदम केलेल्या चहाला लग्नातल्या चहाची चव येते.

घरचा चहा, बारा लहान वाट्यांना: पाणी दीड लिटर, गवती चहाची चार-पाच पाती, बोटाच्या पेराएवढं ठेचलेलं आलं. खळखळ उकळी आली की पाच चमचे पूड घाला, दोन मिनिटं उकळू द्या, मग दीडशे ग्रॅम गूळ चिरून घाला. गूळ विरघळला की लगेच खाली उतरवा आणि फडक्यातून गाळा.

यात कुणाला दुधाचा थेंब हवाच असेल तर नवखा माणूस इथे हमखास फसतो. गुळाच्या चहात दूध घालून उकळलं की दूध फाटतं. चहा खाली उतरवून गाळा, दोन मिनिटं थांबा, वेगळं तापवलेलं दूध वाटीत घाला आणि त्यावर चहा ओता. पुन्हा गॅसवर ठेवायचा नाही म्हणजे नाही. पिवळाधमक गूळ मला जास्त वेळा दगा देतो, काळपट कमी. म्हणून यादीत काळपट लिहिलाय.

आणि तिसरा, चोथ्याचा. पाहुण्याच्या चहाचा फडक्यात राहिलेला चोथा पुन्हा पाण्यात घालून उकळायचा, गुळाचा खडा टाकायचा. त्याला रंग येतो, चव नावाला असते. तो यजमानणीनं प्यायचा. मी पिते. हा चोथा तास-दीड तासाच्या आत वापरा, ओला चोथा दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून वापरू नका.

वाढायचा क्रम माझा असा असतो. पहिल्या फेरीत वयस्कर मंडळी आणि ज्यांना घर नवं आहे त्यांना पाहुण्याचा चहा, कपबशीत. घरच्यांना आणि रोजच्या मैत्रिणींना वाटीतून घरचा. कुणी काही समजावून सांगायचं नाही. पाच मिनिटांत कुणीतरी शेजारणीच्या कपात डोकावतंच आणि बोलणं आपोआप सुरू होतं. दुसऱ्या फेरीत अदलाबदल.

मधुमेहाचं आधी विचारून घ्या. "गुळाचा आहे, चालतो" असं म्हणून आमचे एक मामा तीन वाट्या प्यायले. गुळानंही साखर वाढते. त्यांच्यासाठी आल्याचा, गवती चहाचा काढा बिनगुळाचा वेगळा ठेवा.

४. सोबत काय द्यायचं

*हुलग्याचं माडगं.* याच्याशिवाय माझ्या लेखी हा चहा पुरा होत नाही. पाऊस कमी पडला तरी हुलगा बऱ्यापैकी तग धरतो, म्हणून दुष्काळी पट्ट्यात तो घरोघरी. हुलगा मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजा, गार करून बारीक दळा. एक वाटी पीठ दोन वाट्या गार पाण्यात कालवा, एकही गुठळी नको. दुसरीकडे सहा वाट्या पाणी, पाऊण ते एक वाटी गूळ, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा सुंठ उकळत ठेवा. उकळी आली की कालवलेलं पीठ बारीक धारेनं सोडत ढवळत राहा. दहा-बारा मिनिटं शिजलं की कच्चा वास जातो. थंड होताना ते दाट होतं, तेव्हा वाढताना पातळसरच असू द्या. वेलदोडा, काजू, ओल्या नारळाचं दूध असं काही घालू नका. चांगलं लागतं, मी घालून बघितलंय, पण मग ती लग्नघरची खीर होते.

*फोडणीची भाकरी.* रात्रीच्या भाकऱ्या हातानं चुरा, मिक्सरमधून काढल्या तर भुगा होतो. पाण्याचा हबका मारून दहा मिनिटं झाकून ठेवा. तेल बेतानं घ्या. मोहरी, कांदा, हिरवी मिरची, हळद, मूठभर शेंगदाणे, मग चुरा आणि मीठ, वर झाकण. हळद सांगलीची, हे काही सांगायला नको.

*सुकडी.* दुष्काळी कामांवर माणसांना आणि शाळेत पोरांना सुकडी मिळायची, अजूनही नाव काढलं की म्हाताऱ्यांचे चेहरे खुलतात. सरकारी सुकडीची चव घरी तंतोतंत येत नाही, जवळपास येते. दोन वाट्या गव्हाचं पीठ तांबूस भाजा, शेवटी तीन-चार चमचे तेल सोडून परता. एक वाटी डाळ्याचं पीठ आणि अर्धी वाटी शेंगदाण्याचं कूट मिसळा. सगळं कोमट झाल्यावर सव्वा वाटी किसलेला गूळ हातानं चोळून घाला. गरम असताना गूळ घातलात तर गोळा होतो. सुकडी भुरभुरीत हवी, कागदाच्या पुडीत घालून द्यायची आणि तळहातावर घेऊन फक्की मारायची.

लाह्या, फुटाणे, शेंगदाणे आणि गुळाचा खडा असं एका परातीत मधोमध ठेवा. बिस्किटं, खारी, भडंग काही नको. भडंग सांगलीचं आहे हे खरं, पण ते चैनीचं खाणं.

मिलोचं सांगायचं राहिलं. बहात्तरच्या गोष्टीत मिलो येणारच. परदेशातून आलेली तांबूस ज्वारी, रेशनवर मिळायची. भाकरी थापली की तडे जायचे, रंग विटकरी, आणि खाल्ल्यावर घशात अडकायची असं सगळेच सांगतात. तशी भाकरी करायच्या मागे लागू नका. आमच्या एका मैत्रिणीनं लाल दिसली म्हणून बियाण्याच्या दुकानातली ज्वारी आणली. ते पेरणीचं बियाणं होतं, औषध चोळून रंगवलेलं. दळायच्या आधी तिच्या सासऱ्यांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. पेरणीचं बियाणं कुठल्याही कारणानं खायला वापरायचं नाही. मिलोची आठवण तोंडीच राहू द्या.

५. उसनी वाटी

आमंत्रण देताना प्रत्येकीला सांगा, येताना घरून रिकामी वाटी आण आणि दारात आल्यावर काहीतरी उसनं माग. वाटीभर साखर, चिमूटभर चहापूड, दोन गुळाचे खडे. मागताना हसू येतं, तरी मागायचंच. पहिल्या दोघी-तिघी लाजतात, मग एखादी अशी काही आर्जवं करते की सगळ्या लोळतात. आत्तीनं त्या दिवशी मागायची रीतही शिकवली. दारातून थेट साखर मागायची नाही. आधी "काय चाललंय", मग पोरांची चौकशी, मग निघता निघता पदराखालची वाटी बाहेर काढायची. देणारीनंही "किती?" असं विचारायचं नाही.

उसनी वाटी नेताना सपाट, परत करताना शिगेची. म्हणजे बोटभर उंच, भरल्यावर वर निमुळता ढीग राहील अशी. हे व्याज. शीग न लावता परत केली तर बाई बोलायची नाही, पण पुढच्या वेळी तिच्या घरातली साखर संपलेली असायची.

वाट्यांवर नावं घातलेली असतात का ते आधी बघून ठेवा. आमच्याकडे हे न पाहिल्यानं गोंधळ झाला, तो शेवटी सांगते.

६. वेळ, जागा, शेगडी

दुपारी चारनंतर. एप्रिल-मे टाळा, हौसेला मोल नसतं तरी सांगलीच्या उन्हाला असतं. जमिनीवर बसायचं असेल तर गुडघेदुखीवाल्यांसाठी खुर्च्या आधीच मांडून ठेवा, म्हणजे त्यांना मागाव्या लागत नाहीत.

पंपाचा स्टोव्ह सापडला आणि पेटवायची हौस आली तर सरळ सांगते, पेटवू नका. त्याचे वॉशर वाळलेले असतात, रॉकेल सहज मिळत नाही आणि रॉकेलऐवजी दुसरं काही घालणं म्हणजे जिवाशी खेळ. पिन, काकडा, टाकी सगळं पुसून शोभेला ठेवा. बर्नरला पिन मारण्याची नक्कल आमच्या तात्यांनी इतकी हुबेहूब केली की तेवढ्यावर काम भागलं. कोळशाची शेगडी गच्चीवर किंवा अंगणात चालेल. बंद खोलीत, गॅलरीच्या काचा लावून अजिबात नको, कोळशातून निघणाऱ्या वायूनं माणूस गुंगतो आणि त्याला कळतही नाही. चहा गॅसवरच करा, त्यात कमीपणा काही नाही.

वेशभूषेची सक्ती करू नका. फाटकं लुगडं, ठिगळाचा सदरा असं काही तर मुळीच नको. ज्यांनी ते नेसून दिवस काढले ती माणसं समोर बसलेली असणार.

७. बोलणं अडलं तर

बहुतेक वेळा अडत नाही. तरी यजमानणीला चार गोष्टी ठाऊक असाव्यात, म्हणजे तरुण मंडळींनी विचारलं तर उत्तर देता येतं.

बहात्तरच्या आधीही पाऊस ओढ देतच होता, १९७२ साली तो फारच गेला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती: खडी फोडणं, पाझर तलाव, नाला बांध, रस्ते. तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. मागेल त्याला काम ही रोजगार हमीची कल्पना ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते वि. स. पागे आपल्या सांगली जिल्ह्यातले, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचं नाव या योजनेसोबत घेतलं जातं. योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. नोकरदार मंडळींना हे सांगा: तुमच्या पगारपत्रकावर जो व्यवसाय कर दिसतो, तो १९७५ साली याच योजनेला पैसा उभा करायला सुरू झाला. आमच्या एका भाचरानं मोबाइलवर लगेच पगारपत्रक उघडून बघितलं आणि आत्तीला म्हणाला, "आज्जी, म्हणजे तुझ्या पाटीचे पैसे मी देतोय." आत्ती म्हणाली, "लई उशिरा दिलंस."

शहरातही सगळं आलबेल नव्हतं. मुंबईत त्याच दुष्काळाच्या काळात महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन मोर्च्यात उतरल्या, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर पुढे होत्या. लाटण्याचा विषय निघाला की बायका बोलायला लागतात, हा माझा अनुभव.

एक वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल: "बहात्तरला पाणी होतं, धान्य नव्हतं. नंतरच्या दुष्काळात धान्य होतं, पाणी नव्हतं." २०१२-१३ ला टँकरच्या रांगेत उभी राहिलेली माणसंही तिथं बसलेली असतील, त्यांनाही बोलू द्या. आणि कृष्णाकाठचे कुणी असतील तर एक गंमत होते. एकाच जिल्ह्यात नदीकाठी उसाचे मळे आणि पूर्वेला साखरेच्या वाटीची उसनवारी. वाळव्याच्या एक काकी म्हणाल्या, "आमच्याकडं असलं काही नव्हतं बाई." आत्ती म्हणाली, "म्हणूनच आमच्यातल्या पोरी तुमच्याकडं दिल्या." सगळे हसले, काकीही हसल्या, पण नंतर बराच वेळ त्यांनी आत्तीचा हात सोडला नाही. आज टेंभू सिंचन योजनेचं पाणी आटपाडीत पोचलंय, डाळिंबाच्या बागा झाल्यात, हेही तिनंच सांगितलं. विट्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पसरले त्यामागेही हाच कोरडा पट्टा आहे, हा विषय एकदा निघाला की मात्र संध्याकाळचे सात वाजतात.

भाषण ठेवू नका. प्रास्ताविक, आभार, काही नको. पहिल्या वेळी मी चार कार्डं लिहून आणली होती, ती वाचली तेवढा वेळ सगळे लाह्या चावत बसले होते.

८. आवराआवर आणि दुसरा दिवस

उरलेलं माडगं रात्रीच संपवा. सुकडी गूळ कोरडा असेल तर डब्यात आठ-दहा दिवस टिकते, ती पुड्या बांधून सगळ्यांना द्या. चोथा कुंडीत घालायचा असेल तर आधी पाण्यानं दोनदा धुवा, गुळाचा अंश राहिला तर मुंग्यांची रांग लागते.

वृद्ध मंडळींना दुसऱ्या दिवशी फोन करा. जुनं बोलून झालं की रात्री झोप लागत नाही कधीकधी. जतच्या आज्जींनी दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन आणखी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या सगळ्यांपुढे सांगायच्या नव्हत्या. त्या मी इथे लिहीत नाही.

आणि उसन्या वाट्या आठवडाभरात परत गेल्या पाहिजेत, शीग लावून. आमच्याकडे अजून एक पितळी वाटी राहिली आहे. तळाला ठोकून 'रा. बा.' अशी अक्षरं घातली आहेत. बाराही जणींना विचारलं, कुणाचीच नाही. मी ती रिकामी करून फळीवर पालथी ठेवली होती. परवा आत्ती आली तर तिनं उलटी करून साखरेनं भरली आणि वर बशी झाकली. म्हणाली, "न्यायला आली तर मोकळी द्याची व्हय?"